गोधडी शिवा, पण नाव घालून

आमच्या घरात स्टीलच्या पेल्यालासुद्धा नाव आहे. कोणाच्या लग्नात आला, कोणी दिला, तारीख काय, सगळं काठाखाली टोचून लिहिलेलं. परातीवर नाव, कळशीवर नाव, एका डावाच्या दांड्यावर तर मामांची नुसती आद्याक्षरं आणि साल. माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत मात्र चार गोधड्या आहेत आणि त्यांच्यावर काही म्हणजे काही नाही. एकीत आजीचं हिरवं लुगडं ओळखू येतं. दुसरीला कोणाचं तरी धोतर लावलंय. आत्या म्हणते आजोबांचं, काका म्हणतात पणजोबांचं. ती शिवली कोणी, यावर मागच्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सगळे जमलेले असताना चांगला तासभर वाद झाला. आमरसाच्या वाट्या आल्या तरी मिटला नाही. पेल्यावरचं नाव पाच मिनिटांत होतं. त्या गोधडीत कोणाच्या तरी महिनाभराच्या दुपारी गेल्या होत्या.

लहानपणी मी आजीला विचारलं होतं, तू गोधडीवर नाव का नाही घालत? सुई डोक्यावरच्या केसांतून फिरवत ती म्हणाली, "पांघरस त्याले ठाऊक शे." पांघरतो त्याला माहीत असतं, हे खरंच. पण पांघरणारे बदलतात.

आणि हे आमच्या एरंडोलमध्ये व्हावं याचं मला जास्त वाईट वाटतं. हे गाव एके काळी हातकागदासाठी ओळखलं जायचं. इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरमध्ये इथल्या जाडसर देशी कागदाची नोंद आहे. दुसऱ्यांना लिहायला कागद पुरवणाऱ्या गावातल्या बायकांनी स्वतःच्या कामावर एक अक्षर लिहिलं नाही. म्हणून गोधडी कशी शिवायची, कडा कशा बंद करायच्या हे सगळं या लेखात येईलच, पण माझा खरा आग्रह शेवटच्या कामासाठी आहे. ते टाळलंत तर अर्धी गोधडी राहिली असं समजा.

जागेपासून सुरू करू. शिवणाची खोली म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे मोठं टेबल येतं. गोधडीला टेबल लागत नाही, जमीन लागते. माझी खोली दहा बाय बारा फुटांची आहे. एका भिंतीला मशीन, दुसरीला कपाट, आणि मधली आठ बाय दहा फूट फरशी कायम मोकळी. दोन-दोन फुटांच्या फरश्या असतील तर त्यांच्या सांध्यांच्या रेषा सोडू नका. कापडाची कड त्या रेषेवर ठेवली की काटकोन आपोआप मिळतो, गुण्या लागत नाही. जमीन मातीची किंवा खडबडीत असेल तर खाली सतरंजी नको. तिच्या वळ्या वरच्या थरांत उमटतात. ताडपत्री ताणून घाला आणि तिच्यावर धुतलेली चादर.

हातशिलाईला उजेड डाव्या बाजूने यावा, डावखुऱ्यांनी उजवीकडून. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४४ अंशांच्या पुढे जातो, तेव्हा दुपारी सुई हातात धरवत नाही. घामाने ती सरकत नाही, आणि कापडात टोचून ठेवली तर दुसऱ्या दिवशी गंजाचा ठिपका. उन्हाळ्यात मी सकाळी सहा ते दहा एवढंच काम करते. सुई अडायला लागली की आजीसारखी केसांतून फिरवावी, किंवा साबणाच्या कोरड्या वडीत टोचून ठेवावी. अंगुस्तानाचा कंटाळा करू नका. पाच थरांतून दिवसभर सुई ढकलल्यावर मधल्या बोटाचं काय होतं ते एकदा पाहिलं की ते आपोआप घातलं जातं.

एक नियम मात्र मोडायचा नाही. कामाला बसताना सुया आणि टाचण्या मोजून घ्या, उठताना मोजून ठेवा. शिवलेल्या शर्टात राहिलेली टाचणी घालणाऱ्याला लगेच कळते. गोधडीत राहिलेली सुई सहा महिन्यांनी, रात्री, कोणाच्या तरी पाठीला कळते.

कापडाकडे आलो की खानदेशी माणसाचा पहिला मोह कापूस भरण्याचा. कापूस दारातच आहे, पिंजारी ओळखीचा आहे, भरून टाकू. भरा, पण मग तिला रजई म्हणा. गोधडी थरांची असते. आमच्या हवेला थरच सोसतात. उन्हाळ्यात धाब्यावर किंवा गच्चीवर अंगाखाली घालायला ती हवी, डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा दहाच्या खाली आला की तीच अंगावर हवी, आणि दोन्ही ऋतूंत ती बादलीत बुडली पाहिजे, दिवसभरात वाळली पाहिजे. कापसाची रजई अशी धुता येत नाही; कापूस गोळा होऊन एका कोपऱ्यात जाऊन बसतो. बाजारात मिळणाऱ्या पॉलिस्टरच्या पांढऱ्या शीटचं वजन हलकं असतं हे मान्य, पण मे महिन्यात ती अंगाखाली घेऊन झोपून बघा. शिवाय चुलीची, बंबाची ठिणगी पडली तर सुती कापडाला भोक पडतं. पॉलिस्टर वितळून कातडीला चिकटतं.

थरांसाठी सगळ्यात चांगली जुनी सुती साडी. वापरून धुवून ती इतकी मऊ झालेली असते की सुई लोण्यातून गेल्यासारखी जाते. जुनी म्हणजे विरलेली मात्र नव्हे. साडी उजेडासमोर धरून दोन्ही हातांनी हलकेच ताणा. उसवल्यासारखा आवाज आला किंवा धागे बाजूला सरकले तर तो भाग आतल्या थरातही घालू नका. सहावारी साडी साडेपाच मीटरची धरली आणि पन्हा एक मीटर दहा सेंटिमीटर, तर तिचे दीड-दीड मीटरचे तीन तुकडे निघतात आणि मीटरभर उरतो. दोन तुकडे जोडले की एका माणसाच्या गोधडीचा एक थर होतो, साधारण १५० सेंटिमीटर रुंद आणि २१५ लांब. म्हणजे तीन साड्यांत नऊ तुकडे, आठांचे चार थर, एक तुकडा शिल्लक. त्याला आणि उरलेल्या तीन मीटरना वरच्या ठिगळांच्या नक्षीत जागा मिळते. वर एक चांगला थर, खाली अस्तर. सगळी मिळून गोधडी पावणेदोन किलोच्या आसपास भरते. यापेक्षा जड केली तर ती धुणाऱ्या बाईचे शिव्याशाप लागतात.

अस्तराला मी मांजरपाट वापरते. तो स्वस्त असतो आणि टिकतोही, पण पहिल्या धुण्यात मीटरमागे चार-पाच सेंटिमीटर सहज आटतो. म्हणून नवं कापड कोणतंही असो, आधी गरम पाण्यात रात्रभर भिजवा, वाळवा, इस्त्री करा, मगच कात्री लावा. न आटवलेलं अस्तर आणि आटलेल्या साड्या एकत्र शिवल्या तर पहिल्या धुण्यानंतर गोधडी वाळलेल्या पापडासारखी वळते.

रंगाचंही तेच. माझी एक गोधडी लाल कापडाने खाल्ली. दुकानदाराने पक्का रंग म्हणून दिलेलं कापड मी तपासलं नाही आणि पांढऱ्या धोतराच्या पट्ट्या कायमच्या गुलाबी झाल्या. आता मी पांढरी चिंधी ओली करून प्रत्येक नव्या कापडावर मिनिटभर घासते. चिंधीवर रंग उतरला तर तीन-चार वेळा वेगळं धुते. तरी उतरला तर ते कापड गोधडीत नाही. मीठ-तुरटीत बुडवलं की रंग पक्का होतो असं आपल्याकडे सांगतात. दुकानातून आलेल्या रंगवलेल्या कापडावर त्याचा भरवसा धरू नका.

आता थर लावणं. शिंप्यांचा एक सुरेख शब्द आहे, माया. कापताना शिलाईच्या बाहेर जे जास्तीचं कापड सोडायचं ती माया. गोधडीत अस्तराला चारी बाजूंनी पाच सेंटिमीटर माया सोडा, आतल्या थरांना दोन. टाके घालताना कापड आत ओढलं जातं, आणि माया नसेल तर एका कोपऱ्यात अस्तर कमी पडतं. ते दुःख मी भोगलेलं आहे.

अस्तर उलटं, म्हणजे सुलट बाजू जमिनीकडे करून, फरशीवर पसरा. कडा चिकटपट्टीने फरशीला लावा. कापड ताठ हवं, ताणलेलं नको; ताणलंत तर पट्टी काढल्यावर ते आकसतं आणि वरचे थर फुगतात. मग एकेक थर. आतल्या थरांचे जोड शिलाई मारून दुमडू नका. दोन तुकड्यांच्या कडा बोटभर एकावर एक ठेवा आणि नुसता धावदोरा घाला. दुमडलेल्या शिलाया एकाच ठिकाणी चार थरांत आल्या की तिथे मधोमध दोरखंड असल्यासारखं लागतं आणि मशीनची सुई तर तिथे हमखास तुटते. प्रत्येक थरावरून तळहात फिरवत मधून बाहेर जा. कापूस वेचणाऱ्यांना सांगायला नको, पण इतरांसाठी सांगते: हाताला जे कळतं ते डोळ्यांना दिसत नाही.

सगळे थर पडले की कच्चे टाके. लांबच लांब टाके, दहा-पंधरा सेंटिमीटरचे, वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने, मध्यापासून चारी बाजूंना आणि मग वितभर अंतरावर उभे-आडवे. यात दोन तास जातात. नवशिक्या हे दोन तास वाचवतात आणि पुढे दोन दिवस उसवत बसतात.

आजीच्या पिढीची पद्धत उलटी होती. त्या कडेपासून सुरू करत, कडा आत दुमडून तिथेच टाके घालत, आणि चौकोनात चौकोन असं फिरत फिरत मध्यात येत. तिथे वेगळ्या गोटाची गरजच नसे. कर्नाटकात उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी बायकाही त्यांची कवंदी अशीच कडेकडून आत शिवतात, आणि चारी कोपऱ्यांवर घडीची लहान फुलं लावल्याशिवाय ती पूर्ण मानत नाहीत. बंगालच्या कांथ्यात, बिहारच्या सुजनीत, सिंध-राजस्थानच्या रल्लीत थर तेच, टाका तोच, हात वेगळा. ज्यांना महाराष्ट्रातले नमुने बघायचे असतील त्यांनी गीता खंडेलवाल यांचं महाराष्ट्राच्या गोधड्यांवरचं इंग्रजी पुस्तक मिळवावं. चित्रं बघायला इंग्रजी लागत नाही.

पहिल्यांदा शिवत असाल तर चौकोनात चौकोन नको, सरळ उभ्या ओळी घाला. ओळ आखायला पेन वापरू नका. दोऱ्याला खडूची भुकटी लावा, दोघींनी दोन टोकं धरा आणि गवंडी सूत मारतात तसं मारा. रेघ उमटते आणि झटकली की जाते. दोन ओळींत बोटभर म्हणजे दोन सेंटिमीटर अंतर धरलं तर १५० सेंटिमीटर रुंदीत ७५ ओळी होतात. प्रत्येक ओळ दोन मीटरच्या वर. म्हणजे एका गोधडीत दीडशे मीटरहून जास्त लांबीचा टाका. जाड दोरा आणि पाच-सहा थर असताना तासाला चार-पाच मीटर झाले तर हात चांगला समजायचा. हिशेब तुम्हीच करा. गोधडीचं नाव निघालं की "जुन्या चिंध्यांची तर असते" म्हणणाऱ्यांना हा आकडा ऐकवत जा.

दोरा सुतीच घ्या, गोधडीचा म्हणून जो जाड लडीचा मिळतो तो. पॉलिस्टरचा दोरा न तुटणारा असतो हीच त्याची खोड. ओढ बसली की दोऱ्याआधी मऊ कापडच फाटतं. हातभर दोरा ओवा, त्याहून लांब नाही. गाठ थरांच्या आत ओढून घ्या, बाहेर दिसता कामा नये. टाका वर पाच-सहा मिलिमीटर, खाली थोडा लहान चालेल. सगळे टाके सारखे यावेत म्हणून जीव काढू नका. माझ्या चार जुन्या गोधड्यांपैकी सर्वांत लाडकी आहे तिचे टाके मध्येच वाकडे झालेत, बहुधा कोणीतरी हाक मारली म्हणून.

मशीनवर करायची असेल तर ओळींतलं अंतर आठ सेंटिमीटर पुरे. एकोणीस-वीस ओळींत काम होतं. सुई १६ किंवा १८ नंबरची, टाक्याची लांबी तीन ते साडेतीन मिलिमीटर, पायाचा दाब कमी. साधा पाय वरचा थर पुढे ढकलतो आणि शेवटी कडेला चुण्या जमतात. वॉकिंग फूट नावाचा पाय मिळतो, तो वरचा आणि खालचा थर बरोबर सरकवतो. त्याचे पैसे पहिल्या दोन गोधड्यांत वसूल होतात. नसेल तर एक ओळ वरून खाली आणि पुढची खालून वर, अशा आलटून पालटून मारा. उरलेली गोधडी उजव्या बाजूला घट्ट गुंडाळून ठेवायची आणि डावीकडचं वजन खुर्चीवर टेकवायचं. ती लोंबत राहिली तर सुई वाकते आणि दोष मशीनला मिळतो.

टाके झाले की कडा कापून सरळ करायच्या, आणि मग गोट. गोधडी फाटते ती आधी कडेला, कारण तीच हातात धरून ओढली जाते. म्हणून गोट दुहेरी लावा. पट्टी सात सेंटिमीटर रुंद कापा, लांबीत दुमडा, साडेतीनची होते. आपल्या मापाचा घेर सात मीटर तीस सेंटिमीटर. कोपरे आणि शेवटचा जोड धरून पावणेआठ मीटर पट्टी हवी. ११० सेंटिमीटर पन्ह्याच्या कापडातून आडव्या सात पट्ट्या काढल्या तर जोड जाऊन त्या कमी पडतात. आठ काढा, पाऊण मीटर कापड लागेल. पट्ट्या एकमेकींना तिरक्या जोडायच्या, सरळ नाही, म्हणजे जोडाची जाडी एकाच जागी येत नाही. सरळ कडेला उरेब पट्टीची गरज नसते. कोपरे गोल केले असतील तरच उरेब.

दुमडलेल्या पट्टीच्या उघड्या कडा गोधडीच्या सुलट बाजूच्या कडेला लावून पाऊण सेंटिमीटरवर शिलाई मारा. सुरुवात कोपऱ्यावर नको, बाजूच्या मध्यावर करा आणि पहिली वीतभर पट्टी मोकळी सोडा. कोपरा आला की टोकाच्या पाऊण सेंटिमीटर आधी थांबा, दोरा पक्का करून तोडा. पट्टी बाहेरच्या बाजूला तिरकी दुमडा, मग तिथूनच सरळ पुढच्या बाजूवर आणा. वरची घडी गोधडीच्या कडेशी बरोबर जुळली पाहिजे. पुढची शिलाई अगदी कडेपासून सुरू करा. पट्टी मागे पालटली की कोपऱ्याला नीट तिरकी घडी पडते. पहिल्या वेळी ती पडणार नाही. कागदाच्या दोन घड्यांवर आधी करून बघा, मग कापडावर.

मागच्या बाजूने गोट हाताने तुरपा. मशीनने झटपट होतं खरं, पण मशीनची ओळ एका बाजूने हमखास वाकडी उतरते आणि हाताची तुरपाई उसवली तर तेवढीच उसवते. आणि इथे, चौथ्या कोपऱ्याच्या थोडं आधी, थांबा.

कारण नाव आता घालायचं. गोधडी पूर्ण झाल्यावर मागून चिकटवलेलं लेबल चार धुण्यांत लोंबायला लागतं. तुरपाई संपण्याआधी ते उलट बाजूच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात ठेवायचं, त्याच्या दोन कडा गोटाखाली दाबायच्या, आणि गोट तुरपला की त्या आपसूक बंद होतात. उरलेल्या दोन कडा आत दुमडून अस्तराला बारीक टाक्यांनी लावायच्या. टाके अस्तरातूनच जावेत, सुलट बाजूला येऊ नयेत. मी आणखी एक करते: वरचा थर घालण्याआधी आतल्या एका थरावर नुसती आद्याक्षरं आणि साल बखियाने घालून ठेवते. बाहेरचं लेबल कोणी काढलं, फाटलं, तरी कधी गोधडी उसवावी लागली तर आत नाव सापडेल.

लेबलाचा तुकडा मांजरपाटाचा, आटवलेला, तयार माप निदान आठ बाय दहा सेंटिमीटर, भरतकाम करायचं तर मोठा. लिहायचं कशाने? बॉलपेन नको, पहिल्या धुण्यात पसरतं. कापडावर लिहायचे पक्क्या शाईचे पेन मिळतात. त्यांनी लिहून एक दिवस वाळू द्या, वरून कापड ठेवून कोरडी गरम इस्त्री फिरवा, आणि तुकडा दोनदा धुवून बघितल्याशिवाय गोधडीला लावू नका. पूर्वी धोबी कपड्यांवर बिब्ब्याच्या तेलाने खूण करत. बिब्बा जन्मात जात नाही. पण तो अंगावर उततो, फोड येतात. अंगाशी लागणाऱ्या वस्तूवर तो कधीही नाही. चांगल्या कामात बिब्बा घालू नये हे गोधडीला अक्षरशः लागू आहे.

मला भरतकामाचं नाव जास्त आवडतं. शाई फिकटते, टाका राहतो. देवनागरी भरताना आधी शिरोरेघ एकसलग घाला आणि मग अक्षरं तिच्याखाली लोंबती सोडा. एकेक अक्षर वेगळं भरलं तर रेघ पायऱ्यापायऱ्यांची होते. अक्षराची उंची निदान सव्वा सेंटिमीटर ठेवा, नाहीतर जोडाक्षरांचा गोळा होतो. दोन ओळींत सेंटिमीटरभर मोकळी जागा सोडा, कारण वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची वेलांटी एकमेकांत अडकतात. इंग्रजी अक्षरांसाठी छापलेल्या नमुन्यांत हा विचार नसतो, म्हणून ते नमुने तसेच उचलू नका. एक साधा दोन पदरी धागा आणि बखिया एवढं पुरतं.

काय लिहायचं, हे मात्र लोक चुकवतात. नुसतं "सप्रेम भेट" लिहिलेल्या लेबलाचा पन्नास वर्षांनी काही उपयोग नाही. शिवणाऱ्याचं पूर्ण नाव लिहा. "आई" लिहू नका, पुढच्या घरात आई दुसरीच असते. गाव लिहा. साल चार आकडी लिहा, कारण "२४" बघून नातवंडं शतकावरून भांडतील. कोणासाठी केली ते. आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचं, कापड कोणाचं: "आजीचं हिरवं लुगडं, दादांची दोन धोतरं, माझ्या पहिल्या नोकरीची साडी." एवढी एक ओळ आमच्या पेटीतल्या दुसऱ्या गोधडीवर असती तर आखाजीचा आमरस थंड राहिला असता. एकाहून जास्त जणींनी मिळून शिवली असेल तर सगळ्यांची नावं. सासूने सुरू केली आणि सुनेने पूर्ण केली तर दोघींची, आणि दोन्ही सालं.

बाळाच्या दुपट्याचं लेबल वेगळं. ते चारी बाजूंनी सपाट शिवलेलं हवं, कडेला लोंबणारं टोक नको. बाळ ते तोंडात घालतं. टिकल्या, बटणं, मणी यांना दुपट्यावर जागा नाही. आणि दुपटं कितीही प्रेमाने शिवलेलं असलं तरी वर्षाच्या आतल्या झोपलेल्या बाळाच्या अंगावर सैल पांघरूण टाकून ठेवू नका. ते बाळ जागं असताना खाली अंथरायला किंवा गुंडाळायला.

शिवून विकणार असाल तर लेबलावर दुसरी कामंही येतात. पाकिटात बंद करून विकलेल्या वस्तूवर २०११ च्या वैधमापन नियमांप्रमाणे करणाऱ्याचं नाव आणि पूर्ण पत्ता, वस्तूचं नाव, नग आणि माप, महिना-साल, सर्व करांसह कमाल किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क एवढं छापावं लागतं. हे पाकिटावर, गोधडीवर नाही. माप सेंटिमीटरमध्ये द्या, "डबल साइज" या शब्दाला काही अर्थ नाही. आपल्या जिल्ह्याच्या वैधमापन कार्यालयात नोंदणीचं आधी विचारून घ्या. उद्यम नोंदणी ऑनलाइन होते, तिला फी नाही. कोणी पैसे मागितले तर देऊ नका. तयार विणलेली लेबलं करून घेता येतात, पण ती ठोकात घ्यावी लागतात आणि त्यांच्यावर फक्त तुमच्या व्यवसायाचं नाव मावतं. शिवणारीचं नाव हाताने घालायला जागा सोडा. चार जणी काम करत असतील तर चौघींच्या गोधड्यांवर एकाच व्यवसायाचं नाव लावणं मला पटत नाही.

जुन्या साड्यांची गोधडी विकत असाल तर लेबलावर "जुन्या सुती साड्यांची, गरम पाण्यात धुतलेली" असं स्पष्ट लिहा. अनोळखी माणसाचं कापड काहींना चालत नाही, आणि त्यांना ते आधी कळण्याचा हक्क आहे. आत पॉलिस्टर असेल तर "शुद्ध सुती" लिहू नका. जळालेल्या धाग्याचा वास सगळ्यांना ओळखता येतो.

धुण्याच्या सूचना शब्दांत लिहा. टब, त्रिकोण, चौकोन, इस्त्री आणि वर्तुळ या खुणा कपड्यांवर असतात, पण टबातला हात म्हणजे हाताने धुवा आणि फुलीचा त्रिकोण म्हणजे ब्लीच नको, हे आपल्याकडे कितीजण वाचतात? "गार पाणी, साबण कमी, पिळू नका, सावलीत आडवी वाळवा" एवढं दहा शब्दांत बसतं. सावलीत, कारण आमच्या उन्हात लाल आणि निळा रंग एका उन्हाळ्यात उडतो. आडवी, कारण ओली गोधडी दोरीवर टाकली की तिचं वजनच टाके ओढतं. दोन दोऱ्यांवर पसरा, किंवा बाजेवर.

किंमत लावताना आधीचे ते दीडशे मीटर आठवा. कापड, दोरा, वीज यांची बेरीज करा, आणि आपल्या तासाला निदान शेतमजुरीइतका भाव लावून तास मांडा. आकडा बघून तुम्हालाच लाज वाटेल, एवढे कोण देईल म्हणून. तो आकडा कागदावर असू द्या. कमी घ्यायचे तर समजून कमी घ्या.

साठवण सोपी आहे. पावसाळ्यात नवी गोधडी प्लास्टिकमध्ये बांधू नका, आतला ओलावा डागांनी बाहेर येतो. जुन्या सुती चादरीत गुंडाळा, कडुनिंबाचा वाळलेला पाला घाला, आणि दर वर्षी घडी बदला. त्याच घडीवर वर्षानुवर्षं राहिलेलं कापड तिथेच विरतं.

आणि दुरुस्ती. गोधडी फाटली की जुना वरचा थर काढू नका, त्याच्यावर नवा घाला. आमच्या गोधड्या अशाच जाड झाल्या. जुनं लेबल असेल तर ते झाकू नका. त्याच्या बाजूला दुसरा लहान तुकडा लावा, दुरुस्तीचं साल, दुरुस्त करणाऱ्याचं नाव आणि कोणतं कापड घातलं ते. पेटीतल्या त्या धोतराच्या गोधडीला मी यंदा गोट लावला. शिवणारीचं नाव माहीत नाही, म्हणून लेबलावर पहिली ओळ मोकळी सोडली आहे. आत्या म्हणते भरून टाक. काका म्हणतात, थांब.